सल्ला हवा: हौशी नाट्यमंडळाचा इतिहास आणि पुढचे कार्यक्रम

विंगेतली
आमचं वस्तीतलं हौशी नाट्यमंडळ पुढच्या वर्षी 50 वर्षांचं होतंय. कार्यकारिणीनं दोन कामं माझ्या गळ्यात घातलीत: मंडळाचा इतिहास लिहायचा आणि वर्षभराचे कार्यक्रम ठरवायचे. हाताशी दोन ट्रंका आहेत. त्यांत नावं नसलेले फोटो, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेल्या प्रॉम्प्टरच्या संहिता, जमाखर्चाच्या वह्या आणि बुरशी धरलेल्या कॅसेटी. प्रेक्षक म्हणाल तर कलाकारांचे नातेवाईक. स्मरणिका काढून मोकळं व्हावं असं बहुतेकांना वाटतं. मला स्मरणिका म्हटलं की शुभेच्छा आणि जाहिरातीच आठवतात. सुरुवात कुठून करू?

आणि एक अवघड प्रश्न. मध्यंतरी मंडळात फूट पडली, निम्मे लोक बाहेर गेले. ते लिहायचं का?

जुना नेपथ्यवाला
ताई, ट्रंका थांबतील, माणसं थांबणार नाहीत. आधी पंचाहत्तरीपुढच्यांना भेटा. पण "आठवणी सांगा" म्हणू नका, लोक सत्काराचं भाषण सुरू करतात. फोटो हातात द्या आणि विचारा, हा सोफा कुणाच्या घरून आणला होता? आमच्याकडे अशाच एका सोफ्यावरून एक आजी सापडल्या. 15 वर्षं सगळे पोशाख त्यांनी शिवले होते आणि एकाही पत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं.

जमाखर्चाच्या वह्या सोन्यासारख्या जपा. कुठलं नाटक एका प्रयोगात आटोपलं, पदरचे पैसे कुणी घातले, दिवे भाड्यानं आणणं कधी बंद झालं, हे सगळं तिथंच कळतं. स्मरणिकेत काय, सगळीच नाटकं 'गाजलेली' असतात.

फोटोंच्या मागे बॉलपेननं लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा. लॅमिनेशन अजिबात नको. वर्तमानपत्रांची कात्रणं वेगळी ठेवा, त्यातल्या आम्लानं शेजारचे कागद डागाळतात. निगेटिव्हना व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर त्या सगळ्यांत आधी स्कॅन करा आणि बाकीच्यांपासून लांब ठेवा. बुरशीची कॅसेट घरच्या डेकमध्ये घालून बघायचा मोह टाळा.

तालीममास्तर
कार्यक्रमांबद्दल. आधी अभिवाचन सुरू करा, महिन्यातून एकदा. पाठांतर नाही, नेपथ्य नाही, चार खुर्च्या पुरतात. नोकरी, घर सांभाळणारी माणसं यालाच येऊ शकतात. पुढच्या नाटकाची निवडही इथंच होते, कारण कंटाळवाणं काय आहे ते वाचताना लगेच कळतं. तिकीट लावून प्रयोग करायचा तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. हौशी मंडळानं फुकट प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे.

मुलांच्या शिबिराचा शेवट झगमगीत प्रयोगानं करू नका. पालक खूश होतात, पण शेवटचे दिवस पोरं नुसत्या ओळी घोकतात. रत्नाकर मतकरींनी ठाण्यात वस्तीतल्या मुलांकडून त्यांच्याच विषयांवर नाटिका बसवून घेतल्या, तो मार्ग बघा.

पिटातला
मोठं नाट्यगृह मिळत नाही म्हणून रडू नका, एवढंच सांगतो. 1971 साली स्थापन झालेल्या 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनं मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग केले आणि प्रायोगिक रंगभूमीच्या एका अख्ख्या पर्वाला त्या शाळेचं नाव मिळालं. प्रेक्षक हाताच्या अंतरावर बसला की अभिनयाची पट्टीच बदलते.

तिसरी घंटा
फुटीचं नक्की लिहा. मी एका मंडळाची स्मरणिका संपादित केली तेव्हा वाद नको म्हणून तिथल्या फुटीची चार वर्षं गाळली. समारंभाला बाहेर पडलेल्यांपैकी एकही जण आला नाही. त्यांच्याकडचे फोटो तर गेलेच. आता वाटतं, दोन्ही बाजूंना बोलवून ज्याचं त्याच्या शब्दांत छापायला हवं होतं. निकाल देणं हे आपलं काम नाही. छापण्याआधी मात्र ज्याचं त्याला वाचून दाखवा.

अमेरिकेत क्लीव्हलँडमधल्या कारामू हाउसचा इतिहास आणखी एका कारणासाठी वाचण्यासारखा आहे. 1915 साली रसेल आणि रोवेना जेलिफ या दांपत्यानं वस्तीतल्या लोकांसाठी केंद्र काढलं, नाटक हा त्यातला एक उपक्रम. पुढे कृष्णवर्णीय कवी-नाटककार लँग्स्टन ह्यूजची नाटकं तिथं झाली. 1939 च्या आगीत रंगमंच जळाला, नवी वास्तू 1949 साली उभी राहिली. मधली दहा वर्षं हातात रंगमंच नव्हता, तरी संस्था टिकली. तुमच्या वहीतही अशी रिकामी वर्षं असतील. तेव्हा लोक कुठं जमत होते, तेवढं विचारा.

पिटातला
@तिसरी घंटा, छापण्यापेक्षा सादर करा ना! ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल याचा फोरम थिएटरचा प्रकार आहे. प्रसंग एकदा पूर्ण दाखवायचा, दुसऱ्या वेळी प्रेक्षकानं "थांबा" म्हणून पात्राची जागा घ्यायची आणि वेगळं वागून बघायचं. मंडळ फुटलं ती बैठकच घ्या.

जुना नेपथ्यवाला
त्या बैठकीत खुर्च्या फेकल्या गेल्या असतील तर नेपथ्य भाड्याचंच आणा.

विंगेतली
😄 फेकल्या होत्या म्हणे, दोन.

ठरवलंय ते सांगते. स्मरणिका लांबणीवर. दर महिन्याला एक संध्याकाळ, आधी एका जुन्या संहितेचं अभिवाचन, मग त्या नाटकाचे फोटो पडद्यावर लावून "हा कोण?" विचारायचं आणि उत्तरं ध्वनिमुद्रित करायची. बैठकीच्या प्रसंगाबद्दल बाहेर पडलेल्या गटातल्या एका काकांना फोन केला. आधी गप्प झाले. मग म्हणाले, "माझं काम मीच करणार असेन तर येतो."

आता प्रॉम्प्टर कोण मिळतंय ते बघते.