नागपूरची टॉकीज आणि सी.पी. बेरार

नागपूरच्या आनंद, लिबर्टी, पंचशील या जुन्या टॉकीजची आठवण निघाली, की मल्टिप्लेक्सनं ही टॉकीज संपवली असं म्हटलं जातं. मला त्याआधीचा एक धागा महत्त्वाचा वाटतो. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती, मग विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आला. सिनेमाच्या धंद्यात मात्र आपण 'सी.पी. बेरार'च (सेंट्रल प्रोव्हिन्सेस अँड बेरार, हे ब्रिटिशकालीन प्रांताचं नाव) राहिलो. वितरक आजही या सर्किटला, म्हणजे चित्रपट वितरणाच्या विभागाला, त्याच नावानं ओळखतात!

हजार फुटांचं रीळ जेमतेम ११ मिनिटं चालायचं, म्हणजे तीन तासांच्या चित्रपटाला सोळा हजार फूट फिल्म. प्रिंट, म्हणजे चित्रपटाची फिल्मवरची प्रत, महाग, त्यामुळे सर्किटला मोजक्याच मिळत. या प्रिंट आधी मोठ्या शहरांत लागत आणि मग, ओरखडे घेऊन, तालुक्याच्या टॉकीजकडे जात. नागपुरातल्या बर्डी (सीताबर्डी) आणि सदर भागांतल्या टॉकीजची खरी ऐट या पहिलेपणात होती. डिजिटल आल्यावर एकाच शुक्रवारी सगळीकडे चित्रपट लागू लागला आणि ती ऐट गेली. पडदा, खुर्च्या, एसी हे नंतरचं.

बर्डीवरचा व्हरायटी चौक टॉकीजच्याच नावानं ओळखला जातो. कुणाच्या घरात जुने ऑपरेटर किंवा बुकिंग क्लार्क असतील, तर त्यांच्याकडून हे सगळं आताच लिहून घ्या.