मदत हवी आहे : सीमाभागातील अंतराळ मंडळाचे नाव, नोंदणी आणि पावसाळ्याचे चार महिने

जांबोटी_रोड :

नमस्कार मंडळी,

बेळगाव शहर, खानापूर तालुका आणि शेजारच्या चंदगड तालुक्यातील आम्ही अकरा जण शाळाशाळांतून अंतराळविषयक कार्यक्रम करतो. आमच्यात चार शिक्षक, दोन निवृत्त अभियंते, एक बँक कर्मचारी आणि बाकीचे महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत. सुरुवात २३ ऑगस्ट २०२३ रोजी झाली. चंद्रयान-३ चंद्रावर उतरले त्या संध्याकाळी एका मराठी शाळेत पडद्यावर थेट प्रक्षेपण दाखविण्याची व्यवस्था आम्ही केली होती. सहा वाजून चार मिनिटांनी टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्गातील एका मुलीने सरांना विचारले की, आता पुढचे यान कधी दाखविणार? तेव्हापासून थांबता आले नाही. वर्गणी काढून आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेतली, चंद्राच्या कलांची आणि उपग्रहांच्या कक्षांची तक्ते-चित्रे केली, आणि आता ही सगळी सामग्री एका सदस्याच्या माडीवर धान्याच्या पोत्यांशेजारी ठेवलेली आहे.

आता या मंडळाची रीतसर नोंदणी करावी असे सर्वांचे मत झाले आहे, आणि तेथेच आमचे घोडे अडले आहे.

पहिली अडचण नावाची आहे. चौकशीसाठी आम्ही एका कार्यालयात मसुदा घेऊन गेलो होतो आणि त्यावर 'अवकाश मंडळ' हे नाव मराठीबरोबर कन्नड लिपीतही लिहिले होते. टेबलापलीकडील गृहस्थांनी ते वाचले, चष्मा कपाळावर सरकविला आणि अत्यंत सौजन्याने विचारले की, "तुम्ही मुलांना नोकऱ्या कोठे मिळवून देता?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. कन्नडमध्ये 'अवकाश' म्हणजे संधी, हे आमच्यापैकी निम्म्या लोकांना रोजच्या बोलण्यातून ठाऊक होते. तरीही मसुदा करताना ते कोणाच्याच ध्यानात आले नाही. 'खगोल' हा शब्द दोन्हीकडे चालतो, परंतु तो घेतला की लोक आम्हांला केवळ आकाशदर्शन करणारे समजतील. आमचा हेतू त्याहून मोठा आहे. अग्निबाण, उपग्रह, त्यांचा शेतीला आणि हवामानाच्या अंदाजाला होणारा उपयोग, अंतराळवीर, आणि आपल्या भागातून या क्षेत्रात गेलेल्या माणसांची ओळख हे सर्व त्यात यावे अशी इच्छा आहे. अमेरिकेत दोन जुन्या संस्था एकत्र येऊन १९८७ मध्ये नॅशनल स्पेस सोसायटी स्थापन झाली; तिच्या गावोगावच्या शाखा स्वयंसेवक चालवितात, तसे काहीसे आमच्या मनात आहे.

दुसरी अडचण नोंदणीच्या ठिकाणाची आहे. आमचे तीन सदस्य चंदगड तालुक्यातील आहेत, म्हणजे ते कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात मोडतात. त्यांचा आग्रह असा की, नोंदणी तिकडे करावी, कारण कागदपत्रे मराठीत करता येतील. कार्यक्रम मात्र दहांपैकी आठ कर्नाटकातील शाळांत होतात.

तिसरी अडचण पावसाची आहे. जून ते सप्टेंबर आमची दुर्बीण पोत्यातून बाहेर येत नाही. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर अठरा दिवस राहिले, तेव्हा ते स्थानक डोक्यावरून जाताना मुलांना दाखवू, असे आम्ही तीन शाळांना कबूल केले होते. त्या अठरा दिवसांत खानापुरात एकदाही उघडीप पडली नाही. मुले अंगणात छत्र्या घेऊन उभी राहिली आणि आम्ही ढगांकडे बोट दाखवून "आता ते तेथे आहे" असे सांगत राहिलो.

ज्यांनी अशी संस्था चालविली आहे किंवा नोंदविली आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

हिशेबनीस :

काम जेथे आहे तेथेच नोंदणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्नाटकात १९६० चा संस्था नोंदणी कायदा लागू आहे. त्याखाली किमान सात सदस्य लागतात, आणि शिक्षण व विज्ञानप्रसार हे उद्देश त्यात बसतात. आपण अकरा आहात, त्यामुळे तो प्रश्न नाही. महाराष्ट्रात गेलात तर १८६० च्या कायद्याखालील नोंदणीबरोबरच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयाचाही संबंध येतो, आणि बेळगावच्या शाळेत केलेल्या खर्चाचा हिशेब कोल्हापुरात देत बसावे लागेल. चंदगडच्या मंडळींना सदस्य म्हणून घ्यावे. कार्यालयाचा पत्ता मात्र इकडचा द्यावा.

मराठीत कागद करण्याचा मोह मी समजू शकतो, परंतु घटनापत्र आणि नियमावली इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये करून घ्यावी आणि सदस्यांसाठी मराठी प्रत वेगळी ठेवावी. उद्देशांचे कलम घाईने लिहू नये. देणगीदारांना आयकरात सवलत मिळावी म्हणून आपण पुढे अर्ज कराल, तेव्हा तेच कलम बारकाईने वाचले जाते. नफा सदस्यांत वाटला जाणार नाही आणि संस्था बंद झाल्यास मालमत्ता समान उद्देशाच्या संस्थेकडे जाईल, ही दोन वाक्ये त्यात असलीच पाहिजेत. नावात 'राष्ट्रीय', 'भारतीय' किंवा 'इस्रो' असे काही घालू नये; सरकारी आश्रय असल्याचा भास होणारी नावे परत येतात.

नोंदणीपेक्षा त्यानंतरची वर्षे जड जातात, हेही सांगून ठेवतो. वार्षिक सर्वसाधारण सभा, पदाधिकाऱ्यांची यादी आणि ताळेबंद दरवर्षी वेळेवर दाखल करावा लागतो. बँकेतील सदस्यास खजिनदार करा आणि दुर्बिणीची पावती शोधून ठेवा.

निपाणीचा_मास्तर :

भाषेचा घोळ केवळ नावापुरता नाही, हे माझ्या वर्गातील प्रसंगावरून सांगतो. कन्नड माध्यमातून आमच्याकडे आलेल्या एका मुलाने उत्तरात लिहिले की, आकाशात कोट्यवधी नक्षत्रे आहेत. मी लाल शाईने ते खोडून 'सत्तावीस' असे लिहिले. मुलगा दोन दिवस गप्प होता. नंतर एका कन्नड सहकाऱ्याने सांगितले की, त्यांच्याकडे नक्षत्र म्हणजे साधी चांदणी, आपण जिला तारा म्हणतो ती. मुलाचे उत्तर बरोबर होते आणि खोडणारा मी चुकलो होतो. आपण तक्ते करता, तर त्यांवर दोन्ही भाषांतील शब्द शेजारी शेजारी द्यावेत. उपग्रह, ग्रह, गुरुत्वाकर्षण हे शब्द जवळपास सारखेच आहेत. घोळ होतो तो मोजक्या शब्दांचा.

नावासाठी 'अंतरिक्ष' हा शब्द सुचवितो. दोन्हीकडे त्याचा अर्थ तोच आहे आणि कोणी नोकरी मागणार नाही.

आणखी एक. इस्रोचा 'युविका' हा अंतराळविज्ञानाची ओळख करून देणारा उपक्रम २०१९ पासून नववीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि निवडीत ग्रामीण शाळांतील मुलांना जादा गुण मिळतात. आमच्या बाजूच्या मराठी शाळांपर्यंत ही माहिती पोहोचते तेव्हा मुदत संपलेली असते. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या परीक्षेच्या, धामधुमीत नववीकडे कोणाचे लक्ष नसते. आपण दुसरे काही केले नाही आणि दर वर्षी तेवढा एक अर्ज वीस मुलांकडून भरून घेतला, तरी मी आपली वर्गणी भरीन.

उत्तररात्र :

पावसाळ्याविषयी लिहितो. राष्ट्रीय अंतराळ दिवस २३ ऑगस्टला, म्हणजे ऐन पावसात येतो. त्यामुळे तो वर्गात बसून करण्याच्या गोष्टींसाठीच ठेवावा. प्लास्टिकच्या बाटलीत एकतृतीयांश पाणी भरून सायकलच्या पंपाने हवा दाबली की जो अग्निबाण उडतो, तो शाळेच्या व्हरांड्यातून रिमझिम पावसातही उडविता येतो, आणि न्यूटनचा तिसरा नियम फळ्यावर लिहिण्याची गरज उरत नाही. मुलांना बाटलीपासून लांब उभे करावे. जागतिक अंतराळ सप्ताह ४ ते १० ऑक्टोबर असतो (पहिली तारीख १९५७ च्या स्पुटनिकची, शेवटची १९६७ च्या अंतराळ कराराची), परंतु आपल्याकडे त्या सुमारास बहुधा दसऱ्याची सुटी असते. तेव्हा शाळेऐवजी गावातील वाचनालय गाठावे. चंदगडकडील शाळा त्या दिवसांत चालू असतात. तेथे आपले तीन सदस्य कामाला येतील.

दोन सावधगिरीच्या सूचना. तारे दाखविण्यासाठी हिरवा लेझर वापरत असाल तर सांबऱ्याच्या विमानतळाची दिशा लक्षात ठेवा. विमानाचा दिवा दिसताच लेझर खिशात गेला पाहिजे. आणि काळोख हवा म्हणून भीमगड अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरू नका. ओळखीच्या शेतकऱ्याचे कापणी झालेले शेत त्याहून बरे.

टिळकवाडीकर_आजोबा :

१६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा हुबळीवरून गेला होता. बेळगावात ते खंडग्रासच होते. आम्ही तिघे मित्र घरी न सांगता हुबळीस गेलो. रस्ते ओस पडले होते आणि चहासुद्धा मिळाला नाही. त्या वेळी कोणी मंडळ असते तर तिघांऐवजी तीनशे गेले असते, असे अजून वाटते. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. पाऊस असेलच, तरी चष्मे आधी मागवून ठेवा.

एक विनंती आहे. आपल्या भागातून या क्षेत्रात गेलेल्या माणसांचा गौरव समारंभ कराल तर शाल-श्रीफळ देऊन पाहुण्यांना मोकळे करू नका. त्यांना अर्धा दिवस मुलांबरोबर बसवा.

जांबोटी_रोड :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बैठक झाली. नोंदणी बेळगावातच करण्याचे ठरले, चंदगडच्या मंडळींनी थोडी कुरकुर करून ते मान्य केले, आणि सप्ताहाचे कार्यक्रम त्यांच्या शाळांत होणार म्हटल्यावर ती कुरकुरही थांबली. नावात 'अंतरिक्ष' येईल; पुढचा शब्द 'मंडळ' असावा की 'केंद्र' यावर रात्री अकरापर्यंत वाद चालला आणि निर्णय झाला नाही. 'नक्षत्र' असलेले आमचे चारही तक्ते उतरवून ठेवले आहेत.

दुर्बिणीची पावती मात्र सापडत नाही. दुकानदाराकडून दुसरी प्रत मागविली तर लेखापरीक्षणात चालते काय, हे हिशेबनीस यांनी कृपया सांगावे.

हिशेबनीस :

चालते. प्रतीवर दुकानाचा शिक्का आणि मूळ तारीख घ्या, आणि दुर्बीण वर्गणीदारांनी संस्थेस दिली असा ठराव पहिल्याच सभेत लिहून ठेवा.