अर्जुनसाल चालू आहे, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सुरू करायची आहे. दोन्ही एकत्र चालतं का?

नवऱ्याचं वय ४९. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५२ निघालं म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी सीटीवर कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेल्या कॅल्शियमचं माप) काढायला सांगितला, तो ६८ आला. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, टेकडी आरामात चढतो. "रक्तवाहिन्यांत थर जमायला सुरुवात झालीये, आत्ताच आवरू," म्हणत डॉक्टरांनी रोसुवास्टॅटिन १० मिग्रॅ ही स्टॅटिन दिली.

ती पाकिटातच आहे. सासूबाईंनी गावाहून अर्जुनाची साल मागवलीये आणि रोज सकाळी क्षीरपाक होतो: सालीच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, दूध तेवढं उरेपर्यंत आटवायचं. (डब्याच्या वेळेला एक शेगडी अडते, पण ते जाऊ दे.) नवरा म्हणतो, गोळी जन्माची मागे लागेल, त्यापेक्षा तीन महिने नुसता अर्जुन घेऊन बघू. त्यात दीरांनी गुग्गुळही सुचवलाय.

मी थोडं वाचलं. २००१ मध्ये भारतात हृदयविकाराच्या १०५ रुग्णांवर चाचणी झाली होती. त्यातल्या ज्यांना रोज ५०० मिग्रॅ अर्जुनसालीची पूड दिली, त्यांचं एलडीएल ३० दिवसांत सुमारे १६ टक्के उतरलं. वाईट नाही. पण रोसुवास्टॅटिन १० ने ते साधारण ४५ टक्के उतरतं, आणि महिन्याभराच्या चाचणीवरून थराचं काय होतं ते कसं कळणार? म्हणून "ऐवजी" मला पटत नाही. "सोबत" चालेल का, एवढंच विचारायचंय. कुणी दोन्ही घेतलंय का? वेळेत अंतर ठेवता का? आणि साल खरी अर्जुनाचीच आहे हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद

ताई, आधी साल बघा. अर्जुनाची बाहेरून पांढुरकी, गुळगुळीत आणि आतून लालसर असते. काळपट, मगरीच्या पाठीसारखी तडकलेली असेल तर ती ऐन नावाच्या झाडाची समजा. दोन्ही एकाच कुळातली, त्यामुळे भेसळ सर्रास होते. पूड घेतलीत तर ओळखताच येणार नाही!

गुग्गुळ मात्र राहू द्या. १९६६ मध्ये बनारसला सशांवरच्या प्रयोगातून त्याचं नाव झालं, १९८७ च्या सुमारास लखनौच्या सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेचं गुगुलिपिड हे गुग्गुळाचं औषध बाजारात आलं. पण २००३ च्या अमेरिकन चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल उलट ४-५ टक्के वाढलं, काहींच्या अंगावर पुरळही उठलं. शिवाय काही औषधं शरीरातून लवकर बाहेर पडतात त्याच्यामुळे.

अर्जुन आणि गोळी एकत्र घेण्याचं डॉक्टरांच्या कानावर घालूनच ठरवा. रक्त पातळ करायची किंवा बीपीची गोळी चालू असेल तर नक्कीच. साल लपवून घेऊ नका, पुढच्या रिपोर्टमध्ये कशाने काय झालं तेच कळत नाही.

धागाकर्ती

साल बघितली. काळपट आणि तडकलेली आहे. सासूबाईंना कसं सांगायचं, यावरही सल्ला चालेल. गोळी आज रात्रीपासून सुरू करतोय.