एकाच प्रसंगात सापडलेली दोन माणसे : आपले अनुभव लिहा

परस्परविरोधी स्वभावांची पात्रे समोरासमोर आली की दोघांचेही गुणदोष उठून दिसतात, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. हा परिणाम आपल्याला कोठे जाणवला आणि तो कशामुळे साधला, हे वाचक, प्रेक्षक किंवा नट म्हणून लिहावे, ही विनंती.

निवृत्त मराठी शिक्षिका, सांगली
‘एकच प्याला’ शिकवताना विद्यार्थिनी सिंधूवर चिडत. इतके सोसणारी बाई त्यांना पटत नसे. मग मी गीतेचे संवाद मोठ्याने वाचायला सांगत असे. सिंधूचा नवरा सुधाकर आणि गीतेचा नवरा तळीराम दोघेही दारूत बुडालेले, म्हणजे दोन्ही पत्नींवर आलेले संकट एकच. पण गीता नवऱ्याला तोंडावर सुनावते, तर सिंधू दळण दळून संसार रेटते आणि मरणाच्या दारातही पोलिसांसमोर नवऱ्यालाच वाचवते. गडकऱ्यांनी गीता लिहिली नसती, तर सिंधूचे सोसणे हा त्या काळचा रिवाज वाटला असता. बोलण्याची वाट त्याच नाटकात मोकळी होती आणि सिंधूने ती धरली नाही, हे गीतेमुळे कळते. तिचा निर्णय मला आजही मान्य नाही. परंतु तो निर्णय आहे, हे मुलींना दिसू लागे.

हौशी रंगभूमीवरील अभिनेत्री, नाशिक
तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये (१९७२) मी लक्ष्मी केली. लक्ष्मी देवभोळी आणि सोशिक, चंपा दारू पिणारी आणि फटकळ. नवऱ्यापासून दुरावलेल्या बायकांना आपल्या अटींवर ठेवून घेणाऱ्या सखारामचे घर मात्र दोघींना तेच आणि अटीही त्याच. एवढ्यावर थांबले असते, तर ते सोपे झाले असते. निराधार होऊन परतलेल्या लक्ष्मीला सखाराम घरात घ्यायला तयार नसतो, तेव्हा चंपाच तिला ठेवून घेते; पुढे तीच लक्ष्मी चंपाचे सखारामचा मित्र दाऊद याच्याशी असलेले संबंध सखारामला सांगते, त्याच्या हातून चंपाचा खून होतो आणि प्रेत पुरायच्या कामाला लक्ष्मी विलक्षण शांतपणे लागते. चंपाच्या औदार्याशेजारी लक्ष्मीच्या भाविकतेतला कठोरपणा उघडा पडतो. त्या प्रवेशात मी आवाज चढवत नसे. आधीच्या प्रवेशांत चंपा किती मोकळेपणाने वावरली आहे, यावरच माझ्या हळू बोलण्यातला धाक अवलंबून असे. माझी भूमिका अर्धी तिच्या हातात होती, असे मी मनापासून मानते.

नाट्यप्रेमी, इंदूर
‘तुझे आहे तुजपाशी’ आमच्याच गावात घडते, म्हणून जिव्हाळा अधिक. रसिक काकाजींपुढे विरक्त आचार्य कोरडे वाटतात खरे, तरी पुलंनी पारडे काकाजींकडे झुकवले आहे, असे मला वाटते. आचार्य आपले रितेपण बोलून दाखवतात, ती जागा मला काकाजींच्या कोट्यांपेक्षा मोलाची वाटते.

वाचक, बंगळुरू
‘हॅम्लेट’मध्येही प्रसंग समान आहे : हॅम्लेट आणि लेआर्टीस दोघांच्याही पित्यांची हत्या झालेली आहे. हॅम्लेट आपल्या पित्याचा खुनी असलेल्या राजावर तो प्रार्थना करत असताना तलवार चालवत नाही, तर लेआर्टीस आपल्या पित्याला मारणाऱ्या हॅम्लेटचा चर्चमध्येही गळा कापायला तयार असतो. मात्र या उतावळेपणामुळेच तो राजाच्या कटातले हत्यार बनतो, आणि म्हणून हॅम्लेटच्या दिरंगाईला निव्वळ दुबळेपणा म्हणायला माझे मन धजत नाही.