कोल इंडियाचा डिव्हिडंड आणि बी विंगचा टँकर

ए-201 (नाना): एफडी मोडून कोल इंडियाचा, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीचा, शेअर घ्यावा म्हणतोय. 2024-25 साली शेअरमागे 26.50 रुपये डिव्हिडंड (नफ्यातला वाटा) दिला, आधीच्या वर्षी 25.50. मेंटेनन्स तरी सुटेल.

सी-502: नाना, सोप्पंय. एक्स-डेटच्या (त्या दिवसापासून घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) आदल्या दिवशी घ्यायचा, डिव्हिडंड पदरात पडला की विकायचा 😎

डी-301 (सीए): अरे, एक्स-डेटला भाव साधारण तेवढाच उतरून उघडतो. वर डिव्हिडंडवर टॅक्स आणि ब्रोकरेज. पदरात काय पडणार?

बी-104: मी वेस्टर्न कोलफिल्ड्सला होतो, वणीला. कोल इंडिया म्हणजे आमची पॅरेंट कंपनीच. 2010 ला आयपीओ (लोकांना पहिल्यांदा शेअरविक्री) 245 रुपयांना आला, तेव्हापासून ठेवलाय. घातलेले पैसे नुसत्या डिव्हिडंडमध्ये कधीच वसूल झाले.

ए-201 (नाना): बघा! आणि 2013-14 ला तर 29 रुपये दिले होते म्हणे.

डी-301 (सीए): नाना, ते 29 कुणासाठी होते ते बघा. तेव्हा 90 टक्के हिस्सा सरकारचा. म्हणजे 26 रुपये दिल्लीच्या तिजोरीत. तूट भरायची होती, कंपनीकडे रोकड पडून होती. आपण आपले पंगतीत बसलो होतो म्हणून पानात पडलं. पुढे 2019-20 ला तोच आकडा 12 वर आला.

बी-104: खरंय. 2015 ला 400 च्या वर घेणारे आमच्याकडे होते. 2020 मध्ये भाव 150 च्याही खाली. पाच वर्षांचा सगळा डिव्हिडंड मिळून शंभर भरत नव्हता.

डी-301 (सीए): तेच म्हणतेय. 245 वाल्याला 26 म्हणजे जवळजवळ 11 टक्के. 400 ला घेणाऱ्याला साडेसहा. एफडी मोडू नका. अगदी घ्यायचाच तर थोडा घ्या, भाव बघून.

बी-402: बी विंगचा टँकर आला का???

ए-201 (नाना): डिव्हिडंड टॅक्स-फ्री असतो ना पण?

डी-301 (सीए): 1 एप्रिल 2020 पासून नाही, नाना. तुमच्या उत्पन्नात धरला जातो. तुमचा टॅक्स शून्य येत असेल तर तसं सांगणारा फॉर्म भरून द्या, म्हणजे टीडीएस (देतानाच कापला जाणारा टॅक्स) कापणार नाहीत.

सी-103 (काकू): यांच्या नावावर आहेत हे शेअर, आयपीओतले. हे गेल्यावर बँकेचं खातं बंद केलं. मग डिव्हिडंड कुठे जातो गं?

डी-301 (सीए): काकू, किती वर्षं झाली?

सी-103 (काकू): दिवाळीनंतर सहा होतील.

डी-301 (सीए): सलग सात वर्षं डिव्हिडंड कुणी घेतला नाही तर शेअरसुद्धा सरकारच्या आयईपीएफ नावाच्या फंडात जातात. परत मिळतात, पण कागदपत्रांचा ढीग लागतो. अजून वेळ आहे. डेथ सर्टिफिकेट आणि डिमॅटचं स्टेटमेंट काढून ठेवा, संध्याकाळी येते.

सी-103 (काकू): ये. थालीपीठ लावते.

बी-402: टँकर???