'मे वेल' ला मराठीत काय म्हणायचं? (नोटिशीवरून सुरू झालेली शब्दचर्चा)

वाशी_तळमजला:
आमच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं, रिपोर्ट इंग्रजीत आला. त्यात वाक्य होतं, 'द प्लास्टर मे वेल कम ऑफ ड्युरिंग द मॉन्सून'. कमिटीने मला सांगितलं मराठीत नोटीस लिही, मी लिहिलं, 'पावसाळ्यात प्लास्टर कदाचित पडू शकते'. तीन आठवडे नोटीस बोर्डावर होती. परवा जिन्याजवळच्या छज्ज्याचा ताटाएवढा पोपडा सुटून खाली आला, बरोब्बर तिथे जिथे पहिल्या मजल्यावरच्या आजी रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात. त्या दिवशी नशिबाने आत होत्या. त्यांचा मुलगा मला एवढंच म्हणाला, अगं तू कदाचित लिहिलंस म्हणून आम्ही फार मनावर घेतलं नाही. तेव्हापासून चैन नाही. नुसतं 'मे' आणि 'मे वेल' यात फरक असतो हे मला माहीतच नव्हतं, मला वाटलं 'वेल' उगाच आलाय. तर याला नेमकं मराठी काय?

शिकवणी_ऐरोली:
उगाच नाही ताई, सगळं वजन त्या 'वेल'मध्येच आहे. 'मे कम ऑफ' म्हणजे पडेल किंवा नाही पडणार. 'मे वेल' म्हणजे पडायची बरीच शक्यता आहे, पडलं तर नवल वाटायला नको. 'माइट वेल', 'कुड वेल' पण तसंच. 'कॅन' बरोबर मात्र 'आय कॅन वेल इमॅजिन' अशा ठरावीक वाक्यांतच येतो. आणि 'माइट'ला 'ऍज वेल' लागलं की अर्थच पालटतो. ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाची रांग बघून कोणी म्हणालं 'वी माइट ऍज वेल वॉक', तर त्यात शक्यतेचा संबंध नाही, 'त्यापेक्षा चालतच जाऊ' एवढंच. माझी दहावीची मुलं दरवर्षी इथे 'आपण चांगलं चालू शकतो' असं लिहितात.

नौपाडा_जुना:
चूक कदाचितमध्ये कमी आणि 'पडू शकते' मध्ये जास्त आहे. शकणं म्हणजे अंगात ताकद असणं, प्लास्टरच्या अंगात कसली ताकद? आमची आई, आम्ही गच्चीच्या कठड्यावर चढलो की खालून ओरडायची, "उतर, पडायचास!" त्यात ना कदाचित, ना शकणं, ना शक्यता, आणि आम्ही झटक्यात खाली यायचो. मराठीत वजन वेगळ्या शब्दात नसतं, क्रियापदाच्या शेपटीत असतं. पडेल, पडेलही, पडेलच, पडायचं, पडलं असतं, एकेक बोलून बघा. 'मे वेल'ला मी 'पडायचं' म्हणेन, 'प्लास्टर अंगावर पडायचं, खाली बसू नका'.

घणसोली_शिफ्ट:
काका 'पडायचास' ऐकून अंगावर काटा आला, माझी आजी पण असंच ओरडायची. पण ते ओरडून सांगायचं आहे, कागदावर 'प्लास्टर पडायचं' वाचलं तर आमच्या पिढीला वाटेल की पडायचं ठरलंय. आणि 'शकते'वर एवढा राग का, 'पाऊस पडू शकतो' हे आपण सगळेच बोलतो. इंग्रजीतला 'मे' सुद्धा आधी ताकदीचाच शब्द होता, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ समर्थ असणं, आणि बळ या अर्थाचा 'माइट' त्याच मुळातून आलेला. ताकदीवरून शक्यतेवर ते गेले, मग आपण गेलो तर बिघडलं कुठे?

नौपाडा_जुना:
त्यांच्याकडे दुसरी सोय नव्हती म्हणून गेले असतील, आपल्याकडे होती ना. शाळेत विध्यर्थ शिकलो तो आठवा, वाख्यात, म्हणजे क्रियापदाला 'वा' लागतो ते रूप. 'मुलांनी अभ्यास करावा' हे कर्तव्य, 'यंदा पाऊस चांगला व्हावा' ही इच्छा, आणि 'गाडी एव्हाना कळव्याला पोचली असावी' हा अंदाज. एकाच प्रत्ययात तीन कामं. लग्नपत्रिकेतलं 'अवश्य यावे' घ्या, विध्यर्थ आणि क्रियाविशेषण कसं घट्ट बसलंय! ते सोडून सगळीकडे शकतो शकते शकतात करायचं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोपरी_पूर्व:
'पोचली असावी' आम्ही घरी कोणीच म्हणत नाही हो, 'बहुतेक पोचली असेल' म्हणतो.

नौपाडा_जुना:
बहुधा. बहुतेक म्हणजे बरेचसे, 'बहुतेक लोक आले'.

कोपरी_पूर्व:
हे मला शाळेतही ऐकवलं होतं, निबंधात 'बाबा बहुतेक उद्या येतील' लिहिलं तर लाल पेनाने गोल, आणि ते बाबा बोटीवर होते, आई रोज तेच वाक्य बोलायची. मी ते खोडून बहुधा लिहिलं तेव्हा ते आईचं वाक्य राहिलंच नाही. आणि संस्कृतात बहुधा म्हणजे अनेक प्रकारे, कदाचित म्हणजे केव्हातरी. म्हणजे तुमचे शुद्ध शब्दही आपल्या जागेवरून हललेलेच आहेत, मग फक्त बहुतेकला शिक्षा का?

शिकवणी_ऐरोली:
शब्द कुठला यापेक्षा तो कुठे ठेवला हे जास्त नडतं असा माझा अनुभव. 'आय विल प्रॉबेब्ली कम', पण नाही आलं की 'आय प्रॉबेब्ली वोन्ट कम', प्रॉबेब्ली उडी मारून पुढे. आणि 'आय रिअली कान्ट' म्हणजे खरंच नाही जमणार, 'आय कान्ट रिअली' म्हणजे तसं जरा अवघडच आहे.

घणसोली_शिफ्ट:
हे मला कोणी आधी का नाही सांगितलं!! कॉलवर मी 'आय कान्ट रिअली कम ऑन सॅटर्डे' म्हणालो, माझ्या मनात 'खरंच नाही येता येणार' होतं, समोरच्याने जरा कुरकुर करतोय पण येईल असं धरलं आणि शनिवारच्या रोस्टरवर माझं नाव. भाचीचं बारसं होतं. मराठीत 'खरंच' कुठेही टाका, 'मला खरंच नाही जमणार', 'खरंच मला नाही जमणार', नकार तेवढाच पक्का राहतो.

कोपरी_पूर्व:
नाही राहत. 'मला नाही जमणार खरंच' यात थोडी गयावया येते, बोलून बघा.

वाशी_तळमजला:
सगळ्यांचं वाचतेय. जुनी नोटीस आज काढली, नवीन अशी लावू का: 'पावसाळ्यात प्लास्टर पडण्याची बरीच शक्यता आहे. छज्ज्याखाली बसू नये.'

नौपाडा_जुना:
'शक्यता आहे' वाचून कोणी खुर्ची उचलत नाही. 'प्लास्टर सुटलंय, अंगावर पडेल' लिहा.

घणसोली_शिफ्ट:
पण रिपोर्टमध्ये पडेल असं नाहीये ना काका, पडेल लिहिलं आणि नाही पडलं तर पुढची नोटीस कोण वाचणार.

कोपरी_पूर्व:
आणि 'बसू नये' का? तिन्हीसांजेला केर काढू नये, तसलं वाटतं ते. 'बसू नका' लिहा. आजींना वाचता येतं ना मराठी, का चष्मा लागतो? खडूने रेघ मारलीत का खाली?