नवा सिनेमा: भाड्याने घरी की थिएटरात?

प्रश्न: घरात चौघं. ओटीटीवर नवा हिंदी सिनेमा ४९९ रुपये भाड्याने दिसतोय. मल्टिप्लेक्सपेक्षा खरंच स्वस्त पडतो का?

उत्तर १: भाडं घराला एकच, तिकीट माणशी. तिकीट २५० धरलं तर चौघांचे १,०००. ऑनलाइन काढलंत तर दर तिकिटामागे सुविधा शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. खिडकीवर काढा, तेवढं वाचेल. पार्किंग, पॉपकॉर्न वेगळं. एकट्याने बघायचा असेल तर मात्र सकाळचा खेळच परवडतो.

उत्तर २: ४९९ द्यायची घाई कशाला? हिंदी सिनेमे साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतात. आधी भाड्याने, मग बरेचदा वर्गणीतच. सहसा भाड्याने घेतल्यावर ३० दिवसांत सुरू करावा लागतो आणि एकदा प्ले दाबलं की ४८ तासांत संपवावा लागतो. पाहुणे यायच्या आधी ‘जरा बघू’ म्हणून दाबू नका.

उत्तर ३: पैसे भरण्याआधी उपकरण तपासा. संगणकाच्या काही ब्राउझरमध्ये एचडीचे पैसे देऊनही चित्र ४८०पीच, म्हणजे एचडीपेक्षा कमी स्पष्ट, दिसतं. टीव्हीवरचं अ‍ॅप बरं. जुन्या प्रोजेक्टरला एचडीसीपी (सिनेमाची नक्कल रोखणारी सोय) नसेल तर पडदा काळाच राहतो. मोबाइल हॉटस्पॉटवर एचडीला तासाला सुमारे ३ जीबी डेटा धरा.